घड्याळवाल्या चाचांची छोटी गाडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन आलं ते गिऱ्हाइकांच्या साड्यांना चिठ्ठ्या लावण्यापुरतं. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीतच नाही. पण एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते, की मेलेल्या वस्तूला आमच्या घड्याळवाल्या चाचांइतका भिणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि मेलेल्या वस्तूत जीव घालायची त्यांच्याइतकी खोड असलेलाही सापडायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, म्हणून तर आमच्या गल्लीतल्या बाया भर दुपारी त्यांच्या दुकानासमोरून पदर सावरून भराभर पुढे जायच्या.

नांदेडला इतवाऱ्याकडच्या एका गल्लीत आम्ही राहतो. दारात मशीन मांडून मी साड्यांना फॉल-पिको करते, आमचे हे ऑटो चालवतात. माझ्या मशीनमागे जी भिंत, तिच्या पलीकडे चाचांचं दुकान. चाचा आता हैदराबादला मुलाकडे असतात आणि दुकानाचं शटर खाली असतं, पण तेव्हा ते आमच्या चुलीआधी उघडायचं. चाचा पिढीजात घड्याळवाले. मोबाइल आले आणि लोकांची मनगटं रिकामी झाली. दुरुस्तीला आलेली भिंतीवरची घड्याळं न्यायला कुणी परत आलं नाही, ती तिथेच टकटकत राहिली, प्रत्येकात वेगळी वेळ. कुणी हसलं तर चाचा म्हणायचे, "ज्याला जी वेळ पाहिजे, ती त्यानं घ्यावी. मैं किसीकू जबरदस्ती नहीं करता." मग एकदा हैदराबादचा कुणी शौकीन माणूस आपलं छोटं रेल्वे इंजिन घेऊन आला. वीतभर लांब, पण हुबेहूब खऱ्यासारखं. दिवे, पायऱ्या, ड्रायव्हरची खिडकी, सगळं. त्याला खेळणं म्हटलं की चाचांचा पारा चढायचा. अशी इंजिनं वीज सोडलेल्या रुळांवर चालतात. त्यांच्या पोटात डिकोडर नावाची, बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी बसवली की हातातल्या कंट्रोलरवरून ती हुकूम घेते. मोटार किती फिरवायची, श्वास कसा सोडायचा, शिटी केव्हा मारायची, सगळं तिच्यात भरलेलं असतं. चाचा त्या पट्टीला भेजा म्हणायचे. शौकीन लोकांकडे जुनी मुकी इंजिनं पडून असतात, ती पुण्याहून, हैदराबादहून कुरिअरने यायची. चाचा ती उघडून आत भेजा बसवायचे, नखाएवढा स्पीकर बसवायचे आणि बोलती करून परत पाठवायचे.

मुकं इंजिन म्हणजे त्यांच्या लेखी मय्यत. तिच्यावर ते धुतलेला हातरुमाल पांघरायचे, तिच्यासमोर जेवणाचा डबा उघडायचे नाहीत. मुक्कामाला ती दुकानात नको, म्हणून दुकान वाढवायच्या वेळी माझ्या दारात यायचे. "बेटी, आजच्या दिवस ठेवून घे. तुझ्या घरात देव आहेत, काही होत नाही." पुण्याच्या एका डॉक्टरांचं इंजिन रुमाल पांघरून माझ्या देव्हाऱ्याखाली कितीतरी दिवस झोपलं होतं. आमचे हे चिडायचे, "घरात जित्या माणसाला जागा पुरंना, अन् तू मढी सांभाळून राहिली!" पण सकाळी चाचा न्यायला आले की हेच उठून द्यायचे, तेही दोन्ही हातांनी.

मी बाहेरच्या माणसांशी फारशी बोलत नाही. लहानपणापासून तसंच आहे. गिऱ्हाईक आलं तरी मान हलवून काम भागवते. पण साडीच्या रंगाला फॉल जुळवून जुळवून माझी नजर रंगात पक्की झालेली, आणि इंजिनाच्या पोटातल्या तारा केसाएवढ्या बारीक. लाल आणि काळी चाकांकडून वीज घेते, नारिंगी आणि राखाडी मोटारीकडे जाते. चाचांना आताशा नारिंगी आणि लाल एकसारखं दिसायचं. एकदा त्यांनी चुकीची तार जोडली, भेज्यातून निळसर धुराची रेघ निघाली आणि जळक्या दुधासारखा वास भिंतीपलीकडून माझ्यापर्यंत आला. मी पळत गेले तर चाचा टोपी काढून मांडीवर ठेवून बसलेले. "गया बिचारा. बोलायच्या आधीच गेला." त्या दिवसापासून तारा मी ओळखून द्यायच्या आणि त्यांनी कथलाचे डाग द्यायचे, असं ठरून गेलं. आवाज भरला की ते म्हणायचे, "ऐक बेटी. मोठा वाटतो का बारीक?" मी हात वर केला की वाढवायचे, खाली केला की कमी करायचे. मला बोलावं लागत नव्हतं, आणि ते माझ्या हाताकडेच बघत असायचे.

ते हाताकडेच का बघतात, हे मला एका दुपारी कळलं. उन्हाळा होता, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. चाचांनी इंजिन रुळावर ठेवलं, बटण दाबलं आणि डोळे मिटून डोलायला लागले. "वाह. सुनी क्या? मुरुडची छोटी गाडी. हीच शिटी. हीच." मी माझ्या हाताकडे पाहिलं. स्पीकरच्या दोन्ही तारा अजून माझ्या चिमटीत होत्या. इंजिनाला आवाज फुटायची काही सोयच नव्हती. दुकानात टकटक चालली होती आणि चाचा मात्र मान डोलावत होते, जशी एखादी लांबची गाडी जवळ येते आणि निघून जाते तशी, हळूहळू, शेवटपर्यंत. डोळे उघडल्यावर त्यांना माझ्या हातातल्या तारा दिसल्या. त्यांनी बटणावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "मेरे बेटेकू नक्को बोलना."

चाचांचे कान गेले होते. केव्हापासून, ते त्यांनाच ठाऊक. आणि बाहेरचे आवाज गेल्यावर आतले आले होते. रोज दुपारी त्यांच्या कानात ती लहान रुळांची गाडी यायची, जी लातूरकडे कधीच बंद झाली. त्यांची सासुरवाडी मुरुडची. तरुणपणी चाचीला आणायला-पोचवायला ते त्या गाडीनेच जायचे. चाचीला जाऊन किती वर्षं झाली होती, पण गाडी वेळेवर येत होती. मुलगा हैदराबादला चांगल्या नोकरीत. तो फोनवर एकच धोशा लावायचा, "अब्बा, दुकान बंद करो, इधर आ जाओ." चाचांना फोनवर ऐकू यायचं नाही, म्हणून ते फोन उचलून आधीच सगळं बोलून टाकायचे. "मैं ठीक हूं, खाना खाया, धंदा अच्छा है, रखता," आणि ठेवायचे. मुलाला वाटायचं बाप तुसडा झाला. कान गेल्याचं कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी शटर ओढलं असतं, आणि त्या शटरबाहेर चाचा जगले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कानांची उणीव ते दातांनी भरून काढायचे. इंजिनाची मागची बाजू दातांत धरायचे आणि बटण दाबायचे; जबड्याच्या हाडातून आवाज आत जातो म्हणायचे. एका डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग, तोंडात इंजिन, इंजिनाचे दिवे लागलेले आणि आतून फुस्स फुस्स श्वास. कुरिअरचा नवा माणूस एकदा सही घ्यायला दारात आला, त्याने हे पाहिलं आणि पाकीट उंबऱ्यावर टाकून सही न घेताच गेला. नंतर तो पाकिटं माझ्याकडेच द्यायला लागला. "तुमच्याकडं ठिवा वहिनी. तो म्हातारा बराय ना?"

इंजिनात भेज्यासोबत एक काळा तुकडाही बसवायचा असतो, तो थोडी वीज पोटात साठवून ठेवतो, म्हणजे रुळावर धूळ असली तरी इंजिन अडखळत नाही. चाचा त्याला दम म्हणायचे. त्या दमाची मला पहिल्यांदा ओळख झाली तेव्हा मी चालतं इंजिन रुळावरून उचललं होतं. वीज तुटली, आता ते गप्प होईल असं मला वाटलं. ते माझ्या तळहातावर तसंच श्वास घेत राहिलं. चाकं हवेत फिरत होती, पोट कोमट होतं आणि आतला श्वास हळूहळू लांबत चालला होता, जसा आजारी माणसाचा लांबतो. मग थांबला. मी हात झटकला असता, पण ते महागाचं होतं. चाचा शांतपणे म्हणाले, "घाबरू नको. जाते वेळी थोडा वेळ लागतोच सगळ्यांना."

आणखी एक. नवीन भेजे सगळेच्या सगळे तीन हाच एक नंबर घेऊन जन्माला येतात. म्हणून प्रत्येक इंजिनाला रुळाच्या एका सुट्या तुकड्यावर एकटं ठेवून त्याचा स्वतःचा नंबर शिकवायचा, नाहीतर एकाला हाक मारली की सगळे उठतात. त्या तुकड्याला चाचा मदरसा म्हणायचे. हा नियम मला त्यांनीच शिकवला आणि एका दुपारी त्यांनीच मोडला. लांब रुळावर गिऱ्हाइकांची सगळी तयार इंजिनं रांगेने उभी होती, त्यांतल्या एकाला उचलून मदरशात न नेता चाचांनी तिथेच नंबर शिकवला. तो सगळ्यांनी ऐकला. मग त्यांनी त्या एकाला हाक मारली, आणि टेबलावरची सगळी इंजिनं एकदम जागी झाली. सगळ्यांचे दिवे लागले. सगळ्यांनी एकाच वेळी श्वास घेतला आणि एकापाठोपाठ एक आमच्याकडे निघाली. मी भिंतीला टेकले. चाचांना ऐकू काहीच येत नव्हतं, त्यांना फक्त दिवे दिसत होते. ते हात जोडून म्हणाले, "बैठो, बैठो. सबकू नहीं बुलाया."

पण त्यांचा खरा अभिमान होता तो हळू चालण्याचा. मोटार झटका देत सुटली तर ते थुंकायचे. भेज्यातले आकडे बदलत बदलत ते इंजिन इतकं हळू करायचे की ते चालतंय हे डोळ्यांना दिसायचं नाही. घड्याळाचा तासकाटा चालतो तसं. मी चहा ठेवायला जाताना इंजिन पाण्याच्या माठाजवळ असायचं आणि चहा घेऊन आले की फडताळाच्या खिळ्याजवळ; मधे ते हललेलं कुणी पाहिलेलं नसायचं. आमच्या ह्यांनी एकदा पैज लावली, पाट घेऊन समोर बसले आणि पापणी न हलवता बघत राहिले. थोड्या वेळाने उठून मला म्हणाले, "ते उभंच हाय. पण मी बसलो तवा ते माझ्या डाव्या हाताला होतं." त्यानंतर ते दुकानात पाय ठेवीनात.

लातूरच्या दालमिलवाल्या शेठची ऑर्डर आली ती अशात. शेठचे वडील मुरुडजवळ त्या छोट्या गाडीच्या फाटकावर कामाला होते. शेठने आता हौसेने घरात रूळ मांडले होते आणि त्यांना छोट्या गाडीचं इंजिन, अगदी तशाच शिटीचं हवं होतं. कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं. निम्मे पैसे त्यांनी आधीच पाठवले, ते इंजिन, भेजा आणि दम मागवण्यात गेले. नेमका त्याच वेळी चाचांचा मुलगा सणाला आला होता. बाप समोरासमोर बोलताना ओठांकडे बघतो, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो माझ्या दारात उभा राहून, मलाही ऐकू जावं असं मोठ्याने म्हणाला, "अब्बा, एक बात. ये लातूर का काम पसंद पडा तो मैं कुछ नहीं बोलता. वापस आया, तो दुकान बंद और मेरे साथ चलना. जबान दो." चाचांनी जबान दिली. काय ऐकून दिली, देव जाणे. मी नंतर खुणा करून समजावलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

त्या शिटीचा आवाज कुठेच मिळत नव्हता. मुलाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर दुसऱ्याच गाड्यांच्या शिट्या होत्या. चाचा त्या ताणायचे, दाबायचे, एकीत एक मिसळायचे, भेज्यात भरायचे आणि इंजिन दातांत धरायचे. दुपारची वाट बघायचे. आतली गाडी आली की बाहेरची वाजवून बघायचे. "नाही. ही कोरडी आहे. ती आधी ओली वाजायची, मग कोरडी. भांड्यातून पाणी सांडल्यासारखी." मला विचारायचे, "ओली वाटते का?" मी उमरीची, माझ्या माहेरी मोठी गाडी, ही छोटी मी कधी ऐकलेलीच नव्हती. तरी मी हात वर-खाली करत राहिले. शेवटी एका दुपारी त्यांनी इंजिन तोंडातून काढलं, रुमालाने पुसलं आणि "हीच" म्हणून डब्यात ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या वेळी गल्लीकडे पाहिलं, कारण मला वाटलं कुणीतरी दारात येऊन उभं आहे. कुणी नव्हतं.

लातूरला ते मला सोबत घेऊन गेले, कान म्हणून. आमचे हे म्हणाले, "जा, पण त्या डब्याला मांडीवर घेऊ नको." बसमध्ये डबा चाचांच्याच मांडीवर होता. शेठचं घर मोठं, हॉलच्या कडेने रूळ मांडलेले, आणि ते हॉल आणि आतल्या घरामधल्या दाराच्या उंबऱ्यासमोरून जात होते. शेठ पोटाने मोठे, बोलायला मोकळे. "या चाचा, या ताई. माय आत खाटेवर असती. वळखत न्हाई कुणाला, मलाबी न्हाई. तुम्ही लावा गाडी."

चाचांनी इंजिन रुळावर ठेवलं आणि शिटी दिली. ओली, मग कोरडी. आत खाट करकरली. थोड्या वेळात मधल्या दारात एक म्हातारी आली, वाळलेली, पाठीत वाकलेली. दारात येताच ती ताठ झाली. हातातली काठी तिने दारावर आडवी धरली, ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत. शेठ आनंदाने पुढे झाले.

"मागं सर!" म्हातारी कडाडली. "डोळं फुटलं का? गाडी येऊन राहिली."

"माय, मी हाय."

"बाळ्या, मागं सर म्हणते न्हवं! कलेक्टर आला तरी फाटक लागल्यावर थांबायचं."

शेठ जागच्या जागी थिजले. कितीतरी दिवसांनी आईने त्यांना नावाने हाक मारली होती. ते थांबले, मी थांबले, आतून चहाचे कप घेऊन आलेली शेठाणी काठीपलीकडे थांबली. आणि गाडी चाचांच्या हळू चालीने येत होती. म्हणजे येत होती असं फक्त चाचांना माहीत. शेठाणीने कप काठीखालून द्यायला हात घातला तर म्हातारीने तिला डोळ्यांनीच मागे सारलं. शेठ घामाघूम झाले. "चाचा, जरा जोरात सोडा की हो!" चाचांनी हसून मान तुकवली. त्यांना वाटलं शाबासकी दिली. त्यांनी गाडी आणखी हळू केली.

शेवटी इंजिन काठीसमोरून गेलं. एकटं इंजिन, मागे डबा एकही नव्हता. मला वाटलं आता ती काठी काढेल. तिने काढली नाही. ती रुळाकडे बघत राहिली आणि तिची नजर डावीकडून उजवीकडे जात राहिली, पुन्हा डावीकडून उजवीकडे, एकेक डबा समोरून गेल्यासारखी. बऱ्याच वेळाने तिने मोकळा हात वर करून कुणाला तरी निरोप दिला, बहुतेक शेवटच्या डब्यातल्या गार्डाला, आणि काठी उभी केली. "डबे लई होते आज," ती म्हणाली.

शेठने धावत जाऊन इंजिन उचललं. चाचांचं बोट नेमकं बटणावर होतं, आणि इंजिनात दम होता. शेठच्या हातात, रूळ सोडून हवेत, ते श्वास घेत राहिलं आणि त्याने पुन्हा एकदा शिटी मारली. म्हातारी वळली. "दुसरी आली?" आणि काठी पुन्हा आडवी.

शेठने इंजिन माझ्या हातात कोंबलं. "आवाज तोच हाय, ताई. लहानपणी ऐकला तोच. म्हणूनच नको. माझ्या घरात ही गाडी नको. आगाऊ दिलेले पैसे सावकाश परत द्या, पण न्या ही."

परतीच्या बसमध्ये चाचांनी मला शेठ काय म्हणाले ते विचारलंच नाही. चेहऱ्यावरून त्यांना कळलं होतं. अहमदपूरला बस थांबली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वही आवाज था ना?" मी मान हलवली. काम परत आलं होतं, दुकान जाणार होतं, आणि हा माणूस नांदेडपर्यंत शेंगा खात स्वतःशी हसत होता.

काम परत आल्याचं कळताच मुलगा आला. चाचा शांतपणे म्हणाले, "हौ, येतो. जबान दिली आहे. पण डोक्यावर कर्ज घेऊन माणूस आपलं गाव सोडत नाही. शेठचे पैसे फिटू दे."

"मैं अभी देता हूं, अब्बा," मुलगा म्हणाला.

चाचांनी त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि भडकले. "तेरे पैसे से मेरा कर्ज? मैं मर गया क्या?"

मुलाने आपली बॅग उचलली. तो गेला, आणि चाचा महिन्याच्या महिन्याला लातूरला हप्ता द्यायला जायला लागले. हप्ता इतका बारीक, की बसच्या भाड्याला लाज वाटावी. सोबत मी आणि डब्यातलं इंजिन. पहिल्या हप्त्याला शेठ दारातच पैसे घेऊन आम्हाला वाटेला लावणार होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "बाळ्या, गाडीला उशीर का झाला रं?" शेठ आमच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एकदा लावता का? फाटकावर उभी राहिली की ती मला वळखती." इंजिन घरात ठेवून घ्यायला मात्र ते तयार होईनात. "रातची आपोआप वाजली तर?" म्हणायचे. चाचांनाही ते बरंच वाटलं. रोजची गाडी झाली तर म्हातारीचे पाय जातील, ते म्हणाले.

अशी ती महिन्यातून एकदा येणारी गाडी झाली. शेठ व्यापारी माणूस. गाडी बघून डोळे पुसायचे आणि हप्ता खिशात घालायचे. पुढे पुढे एक वेगळंच व्हायला लागलं. आम्ही कोणत्या दिवशी येणार हे म्हातारीला कुणी सांगत नसे, पण आम्ही लातूरच्या स्टँडवर उतरायच्या सुमाराला ती उठून काठी लावायची. एकदा चाकूरच्या अलीकडे बस बंद पडली आणि आम्हाला फार उशीर झाला. पोचलो तर शेठ हॉलमध्ये ताटकळत बसलेले, शेठाणी काठीपलीकडे, मधे म्हातारी. "लवकर काढा हो ती गाडी," शेठ कळवळून म्हणाले, "सकाळपासून चहा न्हाई मला!" चाचांनी गाडी लावली, पण चाल वाढवली नाही. म्हातारी काठी धरून उभी होती आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसत होती. एकदा गाडी गेल्यावर ती चाचांना म्हणाली, "तुमच्या मंडळी खिडकीतच होत्या." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेने सांगितलं नाही, मला सांगवेना. पण त्यांनी तिच्या ओठांवरून वाचलं असावं, कारण त्यानंतर बसमध्ये ते खिडकीची जागा रिकामी ठेवायला लागले.

हैदराबादहून मुलगा विचारायचा, कर्ज किती राहिलं. "थोडा बाकी है," चाचा न ऐकताच सांगायचे. इकडे पुण्याची इंजिनं येत होती, बोलती होऊन जात होती, पैसे येत होते. हप्ता मात्र तेवढाच राहिला. मी काही विचारलं नाही, विचारायची मला सवयच नाही.

यंदा उन्हाळा लागायच्या आधी आम्ही गेलो तेव्हा मधल्या दारात कुणी नव्हतं. शेठ हॉलमध्ये सतरंजीवर बसले होते आणि त्यांचं डोकं भादरलेलं होतं. चाचांना काही ऐकायची गरजच पडली नाही. त्यांनी शेठच्या डोक्याकडे पाहिलं, मधल्या दाराकडे पाहिलं आणि डबा न उघडताच ते शेठजवळ खाली बसले. शेठाणी चहा घेऊन सरळ दारातून बाहेर आली. त्या घरात पहिल्यांदाच मला चहा गरम मिळाला, आणि तो मला जाईना.

"दारातच गेली," शेठ मला म्हणाले. "काठी लावूनच. आम्हाला वाटलं, गाडीची वाट बघून राहिली." मग चाचांकडे वळून हातानेच म्हणाले, राहू द्या आता बाकीचं, मायच्या नावानं सोडलं.

चाचांनी मान हलवली. "नक्को. कर्ज घेऊन गाव सोडायचं नाही." त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि रुमालात बांधलेली एक पुरचुंडी काढली. ती नेहमीच्या हप्त्याची नव्हती. नोटा मऊ पडल्या होत्या, घड्याळाच्या तेलाचा वास येत होता; किती दिवस त्या छातीशी होत्या कोण जाणे. त्यांनी सगळ्या शेठच्या ओंजळीत ठेवल्या आणि रिकामा रुमाल झटकून त्याची घडी घातली. शेठने त्या कपाळाला लावल्या आणि म्हणाले, "फिटलं चाचा, सगळं फिटलं." शेठ काय म्हणाले ते कळावं म्हणून चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली.